जीपला मोठे टायर बसवले तेव्हा

लढाईहून हे परत आले तेव्हा यांचा उजवा कान गेलेला होता. तोफखान्यात ड्रायव्हर होते. गोळा जवळ फुटला, बाकी अंगावर ओरखडाही नाही, पण त्या कानात काही शिरेना झालं. पलटणीने घरी पाठवलं. डाव्या कानाने नीट ऐकू यायचं, त्यामुळे अनोळखी माणसाला चटकन कळायचं नाही, आणि हे स्वतःहून कधी सांगायचे नाहीत.

आमचं गाव महाडच्या बाजूला, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. तिथे पोटाला काही नव्हतं म्हणून भाईंदरला आलो आणि गोडदेव गावात एक खोली भाड्याने घेतली. आजूबाजूला भातशेती, चिंचा आणि आगरी लोकांची घरं. हे रोज गाडीने मुंबईला जाऊन कंपन्यांचे दरवाजे ठोठावायचे. फौजेतला ड्रायव्हर म्हटल्यावर आधी खुर्ची द्यायचे, आणि डॉक्टरने कान तपासला की "कळवतो" म्हणायचे. असं बरेच दिवस चाललं. शेवटी फौजेतून सुटताना मिळालेले पैसे घालून यांनी मिलिटरीच्या लिलावातली एक जुनी जीप घेतली. हिरवी, डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली, बसायला खरखरीत कॅनव्हास. "नोकरी देत नाहीत ना, आपणच आपली करू," म्हणाले.

धंदा सरळ होता. मिठागरांच्या पलीकडे, खाडीच्या तोंडाशी एक कोळीवाडा होता. तिथल्या बायका डोक्यावर मासळीच्या पाट्या घेऊन मिठागराच्या बांधावरून चालत स्टेशनला यायच्या आणि मुंबईच्या बाजाराची गाडी पकडायच्या. हे त्यांना जीपमधून आणायला लागले. पण तो रस्ता म्हणजे रस्ता नव्हताच. मोठी भरती आली की खाडीचं पाणी सखल भागावर चढायचं आणि ओसरताना काळाकुट्ट, गुडघाभर चिखल मागे ठेवून जायचं. जीप त्यात पोटापर्यंत रुतायची. मग बायका लुगडी वर खोचून खाली उतरायच्या, ढकलायच्या, यांना शिव्या द्यायच्या. तोवर मुंबईची गाडी निघून गेलेली असायची आणि मासळीचा भाव उतरलेला.

"आमी चालत जाताव तेच बरं," असं म्हणून एकेक जण गळायला लागली.

शेवटपर्यंत टिकली ती त्यांच्यातली सगळ्यात वयाने मोठी. तिला सगळे मावशी म्हणायचे. तिचे गुडघे गेले होते. चालत बाजार गाठणं आता तिला शक्य नव्हतं, आणि बाजार सोडून घरी बसणं तिला मान्य नव्हतं. "ही गाडी हाय तवर मी हाय," ती म्हणायची, आणि चिखलात एकटी जीपमध्ये बसून राहायची. उतरली तर पुन्हा चढता यायचं नाही म्हणून.

मोठ्या टायरचं खूळ यांच्या डोक्यात तिथूनच आलं. फौजेतल्या ट्रकना मोठे टायर असायचे, नदीच्या वाळूतूनसुद्धा निघायचे. टायर रुंद असला की चिखलात बसत नाही आणि उंच असला की गाडीचं पोट वर राहतं, असं यांनी मला पोळपाटावर बोटाने काढून दाखवलं. कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडून ट्रकचे टायर आणले. चांगले होते, दात शाबूत होते. पण जीपला लावायला गेलं तर मागचं चाक मडगार्डखाली शिरेचना.

स्टेशनच्या पूर्वेला, रेल्वेच्या केबिनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका वेल्डरची पत्र्याची शेड होती. माणूस जौनपूरकडचा, यांना फौजी म्हणायचा. त्याने आणि यांनी मिळून जीप वर उचलली. खालच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एकेक पान जास्तीचं घातलं, पाटे जिथे चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, लटकतात तिथल्या कड्या लांब करून घेतल्या. जीप एवढी उंच झाली की चढताना मला साडी सावरून आधी दांडा धरावा लागायचा. टायर बसले. उभ्या गाडीत टायर आणि मडगार्डमध्ये हात सहज जात होता. हे खूश झाले आणि एकटेच फेरी मारायला गेले.

परत आले तेव्हा रबर जळल्याचा वास सुटला होता. वेल्डरने वाकून उजव्या बाजूच्या मागच्या टायरवर बोट फिरवलं. एका पट्ट्यात रबर घासून चकचकीत झालं होतं.

"इतना घिसा है, आवाज नहीं आया क्या, फौजी?"

हे त्या घासल्या जागेवरून हात फिरवत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "आज तू चल माझ्याबरोबर. मला ऐकू येत नाही ते तू ऐक."

लग्नाला तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. कान गेल्याचं त्यांनी स्वतःच्या तोंडाने मला सांगितलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

मग कितीतरी सकाळी मी त्या जीपमध्ये बसले. माझी जागा त्यांच्या उजवीकडे, म्हणजे नेमकी बहिऱ्या बाजूला. बोलून उपयोग नव्हता. म्हणून ठरवलं, घासल्याचा आवाज आला की मी खांद्यावर थाप मारायची, आणि हे लगेच थांबणार. मग मी खाली उतरून कुठे घासलं ते दाखवायची. वेल्डर मडगार्डच्या आतून खडू फासून द्यायचा. खडू जिथे पुसला जाईल तिथे पत्रा कापायचा किंवा ठोकून आत वळवायचा. रिकामी गाडी नीट चालली की मागे मिठाची पोती टाकायची आणि खड्ड्यातून घालायची. मग पुन्हा खर्रर्र. वजनाने पाटा दबला की टायर वर येऊन मडगार्डला टेकायचा. त्यासाठी चासीच्या खाली रबराचे जाड ठोकळे बसवले, म्हणजे पाटा ठरावीक हद्दीच्या वर येणारच नाही. गाडी दणके द्यायला लागली, पण मागचं घासणं थांबलं.

पुढचं थांबेना. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायरची आतली कड पाट्याला लागायची. वेल्डर म्हणाला, चाक बाहेर काढू, मध्ये लोखंडी चकती घालू. तशी घालूनही पाहिली. एका फेरीत चाकाचे नट ढिले झाले. हे म्हणाले, "नको. चालत्या ट्रकचं चाक निघालेलं मी बघितलंय." मग उरला एकच उपाय. पुढच्या ॲक्सलवर, जिथे चाक वळतं तिथे, एक बोल्ट असा वेल्ड करायचा की चाक पाट्याला लागायच्या आधीच अडेल.

"मोड़ कम हो जाएगा," वेल्डरने सांगितलं. "गाड़ी घूमने को जगह ज्यादा माँगेगी."

"मिठागरात कुठे चौक लागतात?" हे म्हणाले. "वळण ते एकच, उघाडीपाशी. तिथे मागेपुढे करून काढीन."

उघाडी म्हणजे खाडीचं पाणी मिठागरात घ्यायचा लाकडी दरवाजा. तिथे बांध काटकोनात वळायचा.

बोल्ट लावला. पोती भरून आम्ही सगळ्या खड्ड्यांतून, चिखलातून, डावी-उजवी वळणं घेत फिरलो. मी कान लावून बसले होते. नुसता इंजिनाचा आवाज आणि चिखलात टायर चपचपल्याचा. यांनी गाडी थांबवली आणि डावा कान माझ्याकडे करून विचारलं, "घासतंय?"

"नाही."

"कुठेच नाही?"

"कुठेच नाही, अहो."

मोठ्याने हसले. त्यांना तसं हसताना मी त्यानंतर पाहिलं नाही.

तो हिवाळा आणि उन्हाळा बरा गेला. भरती असो, ओहोटी असो, जीप जायची. गळालेल्या बायका परत आल्या. मावशीचा पुढच्या सीटवर हक्क होता, तिला वर चढवायला हे घरून एक लाकडी खोका नेत. उघाडीच्या वळणावर मात्र एका दमात गाडी वळायची नाही. पुढे घ्यायची, अडली की मागे, पुन्हा पुढे. मी एकदा म्हटलं, तो बोल्ट थोडा कापून घ्या ना. यांनी घेतलाही. दुसऱ्याच दिवशी पाट्याने टायरची कड कापायला सुरुवात केली. मग बोल्ट होता तसा परत केला. दोन्ही गोष्टी एकदम मिळणार नव्हत्या.

पावसाळा आला. नारळी पौर्णिमा होऊन होड्या पुन्हा दर्यात जायला लागल्या तरी पाऊस हटला नव्हता. मी सुकी मासळी आणायला म्हणून त्या दिवशी जीपमधून कोळीवाड्यात गेले होते आणि परत येताना मागे बायकांमध्ये, पाट्यांच्या मधे बसले होते. पुढे मावशी. रात्रभर पाऊस पडून नुकता उघडला होता.

उघाडीपाशी यांनी गाडी पुढे घेतली, ती अडली. मागे घ्यायला लागले. डाव्या बाजूचं चाक बांधाच्या कडेला आहे का ते बघायला हे बाहेर वाकले. उजवीकडे, मागच्या चाकाखाली, बांधाची माती खचताना मला दिसली. ढेकळं पाण्यात पडत होती.

"अहो, थांबा!"

आम्ही सगळ्याच ओरडलो. यांचा डावा कान बाहेर, इंजिनाच्या आवाजात. आमच्याकडे उजवा. माझा हात त्यांच्या खांद्यापर्यंत पोचत नव्हता, मधे पाट्या होत्या. खांद्यावर थाप मारायची हे मावशीला कोण सांगणार? तिने घाबरून समोरचा दांडा घट्ट धरला.

पूर्वीची बुटकी जीप असती तर चाक उतरून पोटावर बसली असती. ही उंच केलेली. अगदी सावकाश, जणू कुणी हाताने आडवी करावी तशी उजवीकडे कलंडली आणि मिठागराच्या पाण्यात पडली. आम्ही मागच्या बाहेर फेकलो गेलो. कुणाला खरचटलं, कुणाचा हात मुरगळला. मावशी खाली सापडली. बायकांनीच खांदे लावून जीप उचलून धरली आणि यांनी तिला ओढून काढलं. पाण्यावर बोंबील तरंगत होते.

"माझी पाटी बघ गो," ती मला म्हणाली. "माझी पाटी कुठं हाय?"

पाय कमरेपासून भलतीकडेच वळला होता. ते तिच्या अजून ध्यानात आलं नव्हतं.

मुंबईच्या इस्पितळात बरेच दिवस राहिली. खुब्याचं हाड जुळलं नाही. परत आली ती बाजेवर, उभी म्हणून राहिली नाही. तिच्या मुलांनी भांडण केलं नाही. "मुद्दाम न्हाय केलंत तुमी," एवढंच म्हणाले. भांडले असते तर यांना काहीतरी बोलता आलं असतं.

जीप बैल लावून वर काढली. वेल्डरने पत्रा ठोकून दिला, म्हणाला, "चलो फौजी, पुराने टायर चढ़ा देते हैं." यांनी नकाराची मान हलवली. कोणी बसणार नव्हतं. गोडदेवच्या आमच्या खोलीमागे ती उभी राहिली आणि तिच्याखाली गवत वाढलं. नंतर भाईंदरला कारखाने यायला लागले, तेव्हा एका भांड्यांच्या कारखान्यात यांना वॉचमनची नोकरी लागली. वॉचमनचा कान कुणी तपासला नाही.

दर रविवारी हे बांधावरून चालत मावशीकडे जायचे. कधी केळी, कधी तेलाची बाटली. ओट्यावर बसायचे, ती दोन शब्द बोलायची. मग हळूहळू बोलेनाशी झाली. मी एकदा बरोबर गेले तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी केळी तिच्या उशाशी ठेवली. तोंड न वळवताच ती म्हणाली, "याला सांग, नको येऊ आता. हा आला का मना बाजार आठवतो."

यांना ते ऐकू गेलं नाही. माझ्याकडे बघून विचारलं, "काय म्हणतायत?"

मला उठून त्यांच्या डाव्या बाजूला जावं लागलं, आणि तिच्यासमोर ते कानात सांगावं लागलं. हे उठले, चपला घातल्या. बांधावरून घरी येईपर्यंत आम्ही पुढेमागे चालत होतो. त्यानंतर ते कोळीवाड्यात गेले नाहीत.

पुढे त्या बाजूचा रस्ता भर घालून उंच केला, बस सुरू झाली. जीप भंगारवाला सुटी करून घेऊन गेला. टायर कुणा ट्रॅक्टरवाल्याने नेले. आमच्या खोलीमागची शेतं विकली गेली, चाळी उठल्या.

मावशी गेल्याचं मला बाजारात मासळी घेताना तिच्या सुनेकडून कळलं. दहावं-बारावं होऊन गेलं होतं. घरी येऊन यांना सांगितलं. ते ड्युटीवर निघायच्या तयारीत होते. "बरं," म्हणाले, डबा उचलला आणि गेले.