इब्राहिमभाईंनी सुचवलेली जागा

साखरेने डोळ्यांचे पडदे खराब झालेत, आता गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा इब्राहिमभाई अठ्ठावन्न वर्षांचे होते. नाशिक रोडला घर. तीस वर्षं टुरिस्ट गाडी चालवण्यात गेलेली. गाडी विकली. "आराम करा आता," पत्नी माजिदा म्हणायची. पण आराम कसा करतात हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

जुनी गिऱ्हाइकं अजून फोन करायची. "भाई, दोन तासांत पोहोचू, तंबू टाकता येईल अशी जागा सांगा ना." मग भाई खुलायचे. भंडारदऱ्याला शनिवारी जाऊ नका, मधल्या वारी जा. वैतरणेच्या बाजूला वारा फार, तंबूची पाठ वाऱ्याकडे करा. पोरंबाळं बरोबर असतील तर पाण्यापासून शंभर पावलं वर. समोरच्याचा चेहरा धड दिसत नसे, पण कसाऱ्यापर्यंतचं वळण न् वळण त्यांना दिसायचं.

मुलगी रिदा त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकायला लागली. लोकांना आवडलं. चौथ्या व्हिडिओच्या वेळी तिने विचारलं, "अब्बा, तुमची सगळ्यात आवडती जागा कोणती?"

भाई थांबले. ती जागा त्यांनी मोजक्याच लोकांना दाखवली होती. घोटीच्या पुढे, धरणाच्या पाण्यावर उतरणारं माळरान. वर मालनबाईंचं एकच घर. विधवा बाई, दोन म्हशी. भाईंनी माणसं नेली की ती नागलीची भाकरी करून घालायची. सांगू नये असं वाटत होतं. पण किती दिवसांनी कुणीतरी त्यांच्या आवडीचं काही विचारत होतं. त्यांनी रस्ता सांगितला, कुठे वळायचं तेही सांगितलं. "बाईंना विचारून तंबू टाका," एवढं शेवटी म्हणाले.

तो व्हिडिओ लाखभर लोकांनी पाहिला. आठवडाभर भाई मशिदीतून येताना ताठ चालत होते.

दुसऱ्या हिवाळ्यात एका अनोळखी माणसाने आभार मानायला फोन केला. "घोटीपुढची ती जागा भारी, भाई! चाळीस तंबू, डीजे, सगळी सोय."

"आणि मालनबाई?"

"कोण मालनबाई?"

रविवारी सकाळीच रिदा मैत्रिणीची गाडी मागून अब्बांना घेऊन निघाली. माळरानाला तारेचं कुंपण होतं. फाटकावरचा माणूस बुकिंग विचारत होता. रिदाने मालनबाईंचं नाव सांगितल्यावर त्याने मागच्या शेडकडे हात केला. तिथे मालनबाई पातेली घासत बसली होती.

"इब्राहिमभाऊ?" ती उठली. "डोळ्याला काय झालं हो तुमच्या?"

भाईंना तिचं नुसतं रंगीत लुगडं दिसत होतं. "घर कुठंय, बाई?"

"पाडलं. जमीन दिराच्या नावावर व्हती, माझा कागुद कुठं हाय? गर्दी बघून शहरातली माणसं आली, त्यानं इकून टाकली. एक म्हस काच लागून गेली. बाटल्या फोडत्यात ना. दुसरी मीच दिली भाच्याला. चारायला जागा नाय."

"वकील बघू. माझ्या ओळखीचे आहेत."

"बघून झालं, भाऊ. तलाठ्याकडं, तहसीलला, लय हेलपाटे घातले."

 मग भाईंनी विचारलं, "हे माझ्यामुळे झालं ना?"

मालनबाईने पदराला हात पुसले. "तुमच्यामुळंच. खोटं कशाला बोलू?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर भाईंना सोसलं असतं. "च्या पाजला असता, पण हितं आपली चूल नाय."

शेडमधून कुणीतरी तिला हाक मारली आणि ती गेली.

परतताना रिदाने गाडी रस्त्याकडेला घेऊन तो व्हिडिओ काढून टाकला. मग जागेचं नाव टाकून शोधलं, तर तोच उतार दुसऱ्यांच्या कितीतरी व्हिडिओंत होता. काहींत भाईंचाच आवाज होता, रस्ता समजावून सांगणारा. ती रडायला लागली. "तुझी चूक नाही, बेटा," भाई म्हणाले. आपलीही नाही, असं त्यांना म्हणता येईना.

महिन्याभराने ते एकटेच बसने घोटीला गेले आणि तिथून वडापच्या जीपने माळरानावर. बाईंनी काम सोडलं होतं. भाच्याकडे गेली म्हणे, पण त्याचं गाव कुणाला माहीत नव्हतं.

आता फोन आला की माजिदाच उचलते आणि ते झोपलेत असं सांगते. भाई शेजारीच खाटेवर बसलेले असतात.