तुटायला ठेवलेला जॉइंट

ड्रॅग रेसची गोष्ट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येतंय, मला माहितीये. लाल चपटी गाडी, काळा गॉगल, झेंडा हलवणारी पोरगी. ठेवा ते बाजूला. आमची गाडी पांढरी होती, चार दारांची, डिझेलवर चालणारी, मागे सामान टाकायला उघडा हौदा. इकडे न्यूझीलंडमध्ये तिला यूट म्हणतात. मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची आणि तिच्या फटीत बिस्किटांचा चुरा. पोरगी होती एक. पाच वर्षांची. झेंडा नव्हता, शेंबूड होता.

यूट दादाची. दादा सख्खा नाही; पुण्याचा मेकॅनिकल इंजिनिअर, टाकानिनीत भाड्याच्या घरात बायको-मुलीसोबत राहायचा, आणि त्याच्या गॅरेजमागच्या खोलीत मी. माझी शाळा तालुक्याच्या गावातली. तिथे मी एकच विषय मन लावून केला, नकला. हेडमास्तरांचा खोकला, घाट चढणारी एसटी, गिरणीचा पट्टा घसरतानाचा आवाज. इथे येऊन डिप्लोमा केला, टायरच्या दुकानात लागलो, पण खोड काही गेली नाही.

दादाने त्या यूटला मोठा टर्बो बसवून इंजिन असं फुगवलं होतं की बस. तिथूनच दुखणं सुरू झालं. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत जाणार कुठून? क्लचमधून, गिअरबॉक्समधून, मग पोटाखालच्या लांब शाफ्टमधून मागच्या चाकांच्या एक्सलला. आधी क्लच घसरायला लागला. दादाने दणकट क्लच टाकला. मग गिअरबॉक्स रडायला लागला. त्याच्या आतले दांडे बदलले. मग शाफ्ट पीळ खायला लागला. तोही जाड केला. दुखणं असं पुढून मागे सरकत होतं, आणि दादा त्याच्या मागे मागे, वर्षानुवर्षं शनिवार-रविवार गाडीखाली. बाहेर दिसायच्या त्या फक्त त्याच्या जॅन्डल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला.

"दादा, असं करत करत शेवटी काय तुटणार?"

"रस्ता," जॅन्डल्स म्हणाल्या.

फक्त एक गोष्ट त्याने मुद्दाम साधी ठेवली. शाफ्ट जिथे एक्सलला मिळतो तिथला जॉइंट. मी विचारलं, का? तर म्हणे, "जोर कुठूनतरी बाहेर पडणारच. एक्सल गेला तर गाडी महिनाभर उभी. जॉइंट गेला तर दुसरा शाफ्ट लाव, अर्ध्या तासात घरी. तुटायचंच असेल तर मी सांगेन तिथे तुटायचं."

"म्हणजे फ्यूज."

"फ्यूज."

वहिनींना दूर टौरंगात, किवीफ्रूट खोक्यांत भरणाऱ्या पॅकहाउसमध्ये नोकरी लागली होती. सोमवारी घर सोडायचं, यूटमागे ट्रेलर जोडायचा आणि अख्खा संसार घेऊन निघायचं असं ठरलं. त्याच्या आदल्या रविवारी सीझनची शेवटची रेस. दादाने विचारलं तेव्हा वहिनी कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या.

"जा. पण त्या गाडीचं काहीही तुटलं ना, तर टौरंगात पोचल्यावर पहिली ती विकायची. कळलं?"

"काही तुटणार नाही," दादा म्हणाला.

मी दादाकडे बघितलं. दादा खिडकीबाहेर बघत होता.

मग आमच्या तालमी सुरू झाल्या. डिझेलचा जोर एकदम येतो, म्हणून सुटताना पाय आपटला की काहीतरी गेलंच. पाय शिकवायला हवा होता, आणि शेजाऱ्यांना त्रास न देता रोज गाडी फुरफुरवणार कुठे? म्हणून गाडी मीच झालो. संध्याकाळी गॅरेजमध्ये, खोक्यांच्या डोंगरात, दादा घडीच्या खुर्चीत डोळे मिटून बसायचा. एक पाय चपलेच्या डब्यावर, तो क्लच; दुसरा उशीवर, तो ॲक्सिलरेटर. मी शेजारी उभा राहून घरघरायचो. मग टर्बोची बारीक शिट्टी वर चढवायचो, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जो सुसकारा येतो ना, तिथपर्यंत. तिथे दादाने डब्यावरचा पाय उचलायचा आणि उशी हळूच दाबायची.

भिंतींना गाद्या टेकवल्या होत्या, त्यामुळे आवाज मऊ होऊन परत यायचा. अर्ध्या उघड्या शटरखालून पिवळं ऊन आत सरकायचं आणि फरशीवरून आमच्या पायांपर्यंत यायचं. थोड्या वेळाने मला माझ्याच तोंडाचा आवाज लांबून येतोय असं वाटायला लागायचं. खोकी हलायची, मागे जायची. खुर्चीतला दादा कुठेतरी पोचलेला असायचा. मी थांबलो तरी तो डोळे उघडायचा नाही, आणि मलाही त्याला उठवावंसं वाटायचं नाही.

रविवारी स्ट्रिपवर, रेसच्या त्या सरळसोट रस्त्यावर, ऊन एवढं होतं की रस्त्याचं टोक पाण्यासारखं हलत होतं. जळालेल्या रबराचा धूर गवतावर झोपला होता. लाउडस्पीकरवरचा माणूस काय बोलतोय ते वारा अर्धंच सांगत होता. शेजारच्या लेनमध्ये एका शेतकऱ्याची यूट. त्याचा कुत्रा माझ्याजवळ कठड्याशी बांधलेला. मी हळूच शिट्टी चढवायला सुरुवात केली. कुत्र्याने कान टवकारले. समोर दादाच्या यूटचीही शिट्टी चढली, अगदी माझ्याच सुरात. सुटायच्या खांबावरचे दिवे खाली खाली पेटत आले. हिरवा.

यूट उधळली नाही. उशीवरून उठल्यासारखी उठली आणि गेली. दुसरा गिअर पडला. माझं तोंड केव्हाच थांबलं होतं. ती पांढरी यूट हलणाऱ्या पाण्यात शिरत होती, शेतकरी मागे पडत होता, आणि मला वाटलं, हे आपण गॅरेजमध्येच ऐकतोय, आता दादा डोळे उघडेल.

तिसरा गिअर त्याने हाणला. तालीम आम्ही सुटण्याची केली होती, गिअरची नाही.

ठण्ण. मग ठणठणठणठण. मग काहीच नाही. यूट आवाजाविना पुढे तरंगत गेली, नदीत सोडलेल्या होडीसारखी, आणि शेतकऱ्याच्या पुढे, आरामात, रेषा ओलांडून गेली.

जॉइंट सांगितल्या जागी तुटला होता. शाफ्ट खाली लावलेल्या लोखंडी कड्यांमध्ये अडकून राहिला होता. एक्सलला खरचटलंही नव्हतं. दादा एवढा खूश होता की जिंकल्याचं त्याच्या लक्षातच नव्हतं. हौद्यात आणलेला जुना शाफ्ट आम्ही गवतात लोळून बसवला, हात डिझेलने धुतले आणि वरून साबणाने.

"वहिनींना?" मी विचारलं.

"गाडी चालत घरी जातेय ना? मग?"

घरी फक्त एक पातेलं आणि चार ताटल्या बाहेर होत्या. खोक्यांवर बसून खिचडी खाल्ली. वहिनींनी विचारलं, "काही तुटलं?" दादा म्हणाला, "जिंकलो." वहिनी हसल्यासुद्धा. तेवढ्यात पोरगी माझ्या मांडीवर चढली. "डू द रेस! डू द रेस!"

आता मला कुणी कर म्हटलं की मी अर्धवट करत नाही. घरघर केली, शिट्टी चढवली, दिवे पाडले, पहिला, दुसरा. पोरगी डोळे मिटून डोलत होती. मीही मिटले. परत ते ऊन, तो धूर, ते हलणारं पाणी. आणि तिसऱ्या गिअरला माझ्या तोंडातून आपोआप, एकदम चोख, ठण्ण. ठणठणठणठण.

डोळे उघडले तेव्हा वहिनींचा चमचा थांबला होता.

"हे काय होतं?"

"टाळ्या," दादा म्हणाला.

"लोखंडाच्या?"

मग दादाने जे करायला नको होतं तेच केलं. समजावून सांगितलं. "अगं, ते तुटायलाच ठेवलं होतं. बाकीचं वाचावं म्हणून!"

वहिनींनी ताटली खाली ठेवली. "म्हणजे तुटणार हे तुला माहीत होतं? आणि इथे उभा राहून मला म्हणालास, काही तुटणार नाही?" दादा एवढासा झाला. मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तू रे! तुला पण माहीत होतं! माझ्या हातची खिचडी खाताना तोंडातून एक शब्द नाही फुटला, आणि पोरीसमोर अख्खा कारखाना काढलास! उद्या ट्रेलर ओढून होऊ दे, मग ही गाडी विकायची म्हणजे विकायची. जाहिरात तूच टाकायची. आणि गिऱ्हाइकाचा फोन आला ना, की गाडीचा आवाज तूच काढून दाखवायचा. सगळा. त्या ठण्णसकट! हसतोयस काय? उचल ती ताटली, घास ते पातेलं!"