पिशवी काढून टाकण्याचा सल्ला

माझी धाकटी नणंद पुण्यात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. एका दिवाळीत ती आणि सासूबाई सिंगापूरला आमच्या हौगांगच्या फ्लॅटवर राहायला आल्या. माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. ती ऑटिस्टिक आहे. कपड्याची शिवण टोचली तरी कपडे काढून फेकायची. नणंदेने जेवताना विषय काढला. पाळी सुरू झाली की हिला पुण्याला आणा, गर्भाशयाची पिशवी काढून टाकू, म्हणाली. दुधाचा दात पाडायचा असावा, अशा सुरात. सासूबाईंना लगेच पटलं. नवऱ्याने कोशिंबीर वाढून घेतली.

मी वाद घातला नाही, कामाला लागले. दर शनिवारी अंघोळीआधी तिला पॅड लावायला शिकवायचं. सुरुवातीला तिने ते खिडकीबाहेर फेकले. खालच्या मजल्यावरच्या चिनी आजींनी ते गोळा करून आणून दिले, वर दंड होईल हेही सांगितलं. लिटिल इंडियातल्या दुकानांतून मिळतील तेवढ्या प्रकारचे पॅड आणले, त्यांतला एक तिने चालवून घेतला. मग त्यावर बीटाचा रस ओतून बदलण्याचा सराव.

वर्ष उलटल्यावर पाळी आली. शाळेतून येऊन तिने स्वतः पॅड लावला आणि माझ्याकडे तिच्या सिंगापुरी इंग्रजीत तक्रार केली, "मम्मी, टुडे नॉट सॅटरडे लाह."

मी नणंदेला फोन केला. आता विषय मिटला, असं मला वाटत होतं.

"छानच झालं," ती म्हणाली. "पण वहिनी, प्रश्न पॅडचा नव्हताच गं. उद्या कुणी काही केलं तिला, तर निदान दिवस तरी राहायचे नाहीत."

"म्हणजे करणाऱ्याची सोय."

"तू ना, फार कडू बोलतेस. जरा व्यवहार बघ."

फोन स्पीकरवर होता, नवरा समोरच बसला होता. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, सुट्टीत पुण्याला जाणारच आहोत, नुसती तपासणी करून घ्यायला काय हरकत आहे?

दुसऱ्या दिवशी मुलीचा पासपोर्ट मी पाया लेबारला माझ्या ऑफिसात नेला, ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं आणि घरी येऊन त्याला तसं सांगितलं.

"माझ्यावर एवढाही विश्वास नाही?"

"नाही," मी म्हणाले.

त्या सुट्टीत तो एकटाच पुण्याला जाऊन आला.