गाडी किती देती?

मला झोप न लागायला फार मोठं कारण लागत नाही. पोरगी दोनदा शिंकली तरी पुरतं. पण मध्यंतरी आठवडाभर मी छताकडं बघत पडले ती गाडीपायी.

जेवताना प्रसाद, म्हणजे माझा नवरा, सहज म्हणाला, "पेट्रोलचा खर्च असाच राहिला तर दिवाळीनंतर गाडी काढून टाकू." त्याला शिरोली एमआयडीसीत न्यायला कंपनीची बस येते. त्याचं काही अडत नाही. माझी आई मात्र हातकणंगल्याला एकटी राहते. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती घराबाहेर पडत नाही, म्हणून दर रविवारी आम्हीच जातो. गाडी गेली तर आधी एखादा रविवार चुकेल, मग महिन्यातून एकदा जाऊ, मग फोनवरच भागवू. मी स्वतःला ओळखते.

म्हणून म्हणाले, "विकू नको. मी खर्च कमी करून दाखवते." त्यानंतर कसबा बावड्यातल्या आमच्या घरात पेट्रोल किती वाचलं देव जाणे, पण किस्से मात्र टाकी फुल होईपर्यंत साठले.

* * *

सुरुवात एसीपासून झाली. मी चार व्हिडिओ बघून ज्ञान मिळवलं होतं. गावात एसी बंद ठेवून काचा खाली घ्यायच्या. हायवेला काचा बंद करायच्या, नाहीतर वारा गाडीला मागं ओढतो.

प्रसादनं त्यातलं सोयीचं तेवढं लक्षात ठेवलं. हायवेला एसीही बंद आणि काचाही बंद. सांगली फाट्यापर्यंत आमची भरली वांगी झाली.

मी विचारलं, "श्वास तरी घ्यायचा का?"

तो म्हणाला, "घे की. पण हळूहळू घे."

* * *

मग वजनावर आलो. गाडी हलकी तर अ‍ॅव्हरेज जास्त, असं मी जाहीर केलं. प्रसादनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि लगेच रस्त्याकडं बघायला लागला. काही बोलला नाही, हे त्याचं नशीब.

डिकी साफ केली. मोडकी सायकल, तीन छत्र्या, गेल्या वर्षीचा आकाशकंदील असा अर्धा संसार बाहेर निघाला. माझे सासरे, आप्पा, हे सगळं बघत होते. आमचं झाल्यावर त्यांनी स्वतःच्या डोक्यानं स्टेपनीही काढली आणि कॉटखाली ठेवली. सांगितलं कुणालाच नाही.

रविवारी हातकणंगल्याच्या अलीकडं टायर बसला. डिकीतला गालिचा उचलला तर खाली गोल खड्डा आणि त्यात स्वराची, आमच्या पोरीची, एक चप्पल. मी घरी फोन लावला. आप्पा म्हणाले, "हाय की, इथं सुरक्षित हाय."

दुधाचे कॅन लावलेला एक मोटरसायकलवाला थांबला. त्यानं टायर बघितला, खड्डा बघितला.

"पावणं, स्टेपनी कुठं हाय?"

"घरात," प्रसाद म्हणाला.

"बरं केलासा. घर पंक्चर झालं तर असू दे."

* * *

या प्रकारानंतर आप्पा खचतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी सिग्नल हातात घेतला. स्वराला शाळेत सोडायला तेच जातात. सिग्नलला इंजिन बंद करायचं, हे मीच त्यांना शिकवलं. बंद करण्याबद्दल तक्रार नाही. पुन्हा चालू करायची त्यांना घाई नसते. एकदा शेजारच्या स्कूटरवर जुना मित्र भेटला. हिरवा लागला, मागचे हॉर्न सुरू झाले, तरी यांच्या गप्पा चालूच.

स्वरा म्हणाली, "आप्पा, मागचे वरडायल्यात."

"वरडू देत. त्येंचं पेट्रोल जळतंय, आपलं वाचतंय."

शेवटी तिनं दप्तर पाठीला लावलं. "तुम्ही या सावकाश. मी चालत जातो." (आमच्याकडं पोरीही 'जातो' म्हणतात. शाळेत 'जाते' शिकवून बाई थकल्या.)

* * *

त्याच बाईंनी मला पालकसभेत बाजूला घेतलं. "स्वरा अ‍ॅव्हरेज आहे. पण काळजी करू नका." काळजी करू नका म्हटलं की मी लगेच करायला घेते. घरी येईपर्यंत मी तिची दहावीसुद्धा मनातल्या मनात नापास करून टाकली होती. सगळी चूक माझीच, एवढा वेळ मी टायरची हवा बघण्यात घालवला.

स्वरा मात्र उड्या मारत घरात शिरली. गेले काही महिने तिनं घरात एकाच गोष्टीचं कौतुक ऐकलं होतं.

"आप्पा, बाई म्हणल्या मी अ‍ॅव्हरेज हाय!"

आप्पांनी पेपर खाली केला. "व्हय? किती देतीस?"

* * *

आई दर रविवारी निघताना आमची डिकी भरते. गुळाची ढेप, नारळ, लोणच्याची बरणी, कधी अख्खा भोपळा. काठी टेकत स्वतः उभी राहते आणि शेजारच्या पोराकडून एकेक ठेवून घेते. मागच्या खेपेला प्रसाद हसत म्हणाला होता, "आई, एवढ्या वजनानं गाडीचं अ‍ॅव्हरेज पडतंय बघा." तीही हसली होती.

या रविवारी निघायच्या वेळी त्यानं सवयीनं डिकी उघडली आणि वाट बघत थांबला. आई दारात आली. एका हातात काठी, दुसरा रिकामा.

"ह्या वेळंला काय ठेवलं न्हाई बाबा. गाडीला जड नको. तुम्ही येत ऱ्हावा म्हंजे झालं."

प्रसाद डिकीच्या झाकणाला हात लावून तसाच उभा राहिला.

स्वरानं वाकून डिकीत बघितलं. आतल्या गालिच्यावर दोनदा हात आपटला. मग जाऊन आजीचा पदर धरला.

"आज्जी, डिकी रिकामी हाय की. मी हितं बसतो. तू माझ्या जागेवर पाय पसरून बस."