दाराच्या रबराची कुरकुर

मला आवाज सहन होत नाही. घरात मिक्सर लागला की मी अंगणात जातो, लग्नात बेंजो सुरू झाला की गाडीत जाऊन काच वर करतो. मी स्वतः मात्र गल्लीला ऐकू जाईल असं बोलतो, हे बायको मला दिवसाआड सुनावत असते. त्यामुळं माझ्या पिकअपच्या दारांची रबरं कुरकुरायला लागली, तेव्हा माझं डोकं किती फिरलं असेल ते ओळखीच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पण त्या फिरलेल्या डोक्यानं मी जे केलं ते सांगायला पाहिजे. आजवर पूर्ण कुणालाच सांगितलेलं नाही.

माझं गाव कळंबपासून दहा-बारा किलोमीटरवर. पिकअप मी स्वतःच चालवतो. सोयाबीनची पोती, शेळ्या, मंडपाच्या खुर्च्या, कधी कुणाचं लग्नाचं रुखवत, जे मिळेल ते भाडं. कळंबला मार्केट यार्डाच्या बाहेर आमचा पिकअपवाल्यांचा स्टँड आहे. स्टँड म्हणजे एक लिंबाचं झाड, एक चहाचा गाडा आणि ओळीनं लावलेल्या सात-आठ गाड्या. त्या स्टँडवर माझा शब्द चालायचा. कुठल्या गॅरेजला जायचं, कुणाचा टायर घ्यायचा, हे लोक मला विचारायचे. मोठ्यानं बोलणाऱ्या माणसाला लोक जाणकार समजतात, एवढंच त्याचं कारण असावं.

स्टँडच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडं, सगळे ज्यांना चाचा म्हणतात त्यांचं कुशनचं दुकान आहे. गाड्यांच्या सीटा शिवणं, हूड शिवणं, दारांना रबर बसवणं ही त्यांची कामं. माझ्या वडिलांच्या जुन्या जीपचं सीटसुद्धा त्यांनीच शिवलं होतं. वडील त्यांच्याकडं गेले की तासभर उठत नसत. मी तेव्हा लहान होतो, म्हणून चाचा मला अजूनही अरे-तुरे करतात आणि मला ते आवडतं.

त्या वर्षी माझ्या दारांची जुनी रबरं फाटून लोंबायला लागली होती. केबिनमध्ये धूळ इतकी यायची की भाडं पोचवून उतरलो की भुवया पांढऱ्या. खंडेनवमीच्या आधी मी चाचांकडं गेलो. त्यांनी जुनं रबर काढलं, पत्र्याच्या कडा पॉलिश पेपरनं घासल्या आणि नवं रबर अंगठ्यानं दाबत दाबत वरून खाली बसवत आणलं. घाई नाही, हातोडी नाही. उरलेला हातभर तुकडा त्यांनी गुंडाळून माझ्या हातात दिला. म्हणाले, "तुझ्या गाडीचा हाय, तूच ठेव. घरात कुठंतरी कामाला येतो." दार लावून पाहिलं तर जडसा, बंद आवाज आला. मी खूश झालो.

आता खंडेनवमीचं. त्या दिवशी आमच्याकडं गाडी धुवायची, हार घालायचा, नारळ फोडायचा हे तर असतंच. पण आमच्या घरात त्याच्या आधी एक काम असतं. गाडी धुऊन वाळली की डिझेलमध्ये फडकं भिजवायचं, पिळायचं आणि बॉनेटपासून मागच्या फाळक्यापर्यंत सगळी गाडी त्यानं पुसून काढायची. पत्रा, टायर, रबर काही सोडायचं नाही. गाडी आरशासारखी चमकते. वडील जीपला असंच करायचे, मी पिकअपला करतो. नवं रबर बसवल्यामुळं मला जास्तच हौस. दारं उघडून मी रबरावरून फडकं दोनदा फिरवलं. काळंकुळकुळीत दिसायला लागलं. स्टँडवर सगळ्यांनी वाखाणलं, मग मी ते दर बाजाराच्या आदल्या दिवशी करायला लागलो.

दिवाळी झाली आणि कुरकुर सुरू झाली. आधी फक्त खड्ड्यात. मग सपाट रस्त्यावरही. चुईं, चुईं, चुईं. शेळ्या भरल्या असल्या तर मागून त्यांचं ओरडणं आणि बाजूनं रबराचं. दार उघडताना रबर पत्र्याला चिकटून बसायचं आणि चर्रकन सुटायचं. माकणीकडं एक लांबचं भाडं होतं. तिथं जाऊन येईपर्यंत माझं कपाळ ठणकायला लागलं. येताना मनात एकच गोष्ट पक्की होत गेली, की म्हातार्‍यानं आपल्याला हलका माल घातला. ती तपासून बघावी असं मला एकदाही वाटलं नाही.

मी गाडी थेट चाचांच्या दुकानासमोर आडवी लावली. स्टँडवर सगळे होते. चहाच्या गाड्याभोवती चौघं-पाचजण उभे होते आणि त्यांनी ऐकावं अशा बेतानंच मी बोललो.

"चाचा, बापाच्या वेळेपासून येतोय तुमच्याकडं. माझ्याच गाडीला डुप्लिकेट रबर घालायला तुम्हाला काहीच वाटलं न्हाय?"

चाचा मशीनवरून उठले. गाडीपाशी आले, दार उघडलं, रबरावरून बोट फिरवलं आणि ते बोट नाकाशी नेलं. माझ्याकडं पाहिलं. मग रस्त्यापलीकडं स्टँडकडं पाहिलं. तिथं सगळे आमच्याकडंच बघत होते.

"गाडी ठेवून जा दोन दिवस," ते हळू म्हणाले. "बघतो म्या."

"काय बघता? दोन महिने झाले न्हाईत अजून. डुप्लिकेट माल हाय म्हणून सांगा की सरळ!"

"जरा आत ये. बसून बोलू."

"आत कशाला? जे काय हाय ते इथंच बोला!"

चाचांनी मान खाली घातली. मान खाली म्हणजे गुन्हा कबूल, असं मी धरलं. "इथून पुढं तुमच्या हाताला गाडी लावणार न्हाय," असं म्हणून मी दार आपटलं आणि रस्ता ओलांडून स्टँडवर आलो. मला कुणीतरी चहा दिला. अजून दोघांनी आपापल्या जुन्या तक्रारी काढल्या, सीटचे टाके उसवले होते वगैरे. मी त्या दिवशी फार रुबाबात चहा प्यालो.

नंतर आठवड्याभरातच एकानं "गाडी डुप्लिकेट चाचाच्या समोर लाव" असं म्हटलं. सगळे हसले, मीही हसलो. नाव चिकटलं. रस्ता काही फार रुंद नाही, पलीकडं सगळं ऐकू जातं. स्टँडवरचं एकही काम त्यानंतर त्या दुकानात गेलं नाही.

खरं काय ते मला बायकोनं दाखवलं. चाचांनी दिलेला तो उरलेला तुकडा तिनं लोखंडी कपाटाच्या दाराला आतून लावला होता, कारण ते दार लागताना खडखडायचं. एका दुपारी मी जेवताना चाचांच्या नावानं नेहमीचं पुराण लावलं होतं. तिनं वाढता वाढता विचारलं, "कपाटाला हाय ते त्याच रबराचं हाय ना?"

"त्याच."

"मग हे कसं ओरडत न्हाय?"

मी उठून पाहिलं. कपाटाचं रबर कोरडं, ताठ, पहिल्या दिवशी होतं तसं. बाहेर जाऊन गाडीचं पाहिलं. फुगलेलं, मऊ पडलेलं, बोटाला चिकट. बोट नाकाशी नेलं. डिझेल. माझ्या मागं दारात उभी राहून ती म्हणाली, "दर आठवड्याला तुम्ही त्याला डिझेल पाजता. दुसरं काय हुणार?" जेवण पुढं गेलं नाही. चाचांनीही असंच बोट नाकाशी नेलं होतं, हे मला तिथं गाडीशेजारी उभं असताना आठवलं आणि कान गरम झाले. त्यांना त्याच क्षणी कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी चाचांकडं गेलो. कधी गेलो तेही सांगतो. भर दुपारी, सगळे पिकअपवाले भाड्यावर किंवा जेवायला गेलेले असतात आणि स्टँड रिकामा असतो तेव्हा. योगायोग नव्हता तो, मी वेळ निवडली होती.

"चाचा, चुकलं माझं. डिझेलनं फुगलंय रबर."

"व्हय," ते म्हणाले. "बस."

"तुम्हाला माहीत होतं, तर त्याच दिवशी का बोलला न्हाईत?"

"कसं बोलणार? समोर तुझं सगळं मित्रमंडळ. गाडी तूच खराब केली म्हणलो असतो तर तुझं हसं झालं असतं. तुझे वडीलपण जीपच्या रबराला डिझेल मारायचे. त्यांना म्या आत बोलवून, चहा पाजून सांगितलं होतं. तुलाबी आत ये म्हणलो. तू आलाच न्हाईस."

मला तोंड वर करवेना. माझी लाज झाकायला या माणसानं स्वतःची अब्रू घालवली होती आणि मी ती घालवून वर चहा प्यालो होतो. चाचांनी त्याच दुपारी रबर उतरवलं, साबणाच्या पाण्यानं धुतलं, दोन दिवस सावलीत टांगलं. मग पंक्चरवाले ट्यूबला लावतात ती पांढरी पावडर चोळून पुन्हा बसवलं. तेच रबर. नवं नाही. कुरकुर बरीचशी गेली. निघताना त्यांनी एकच गोष्ट मागितली.

"तेवढं त्या पोरांना सांग, बेटा. स्टँडवरचं गिर्‍हाईक तुटलंय माझं. डुप्लिकेट म्हणत्यात, ते ऐकवत न्हाय."

"आजच सांगतो," मी म्हणालो.

संध्याकाळी स्टँडवर गेलो तेव्हा खरंच सांगायच्या इराद्यानं गेलो. एकानं माझं दार उघडून-लावून पाहिलं आणि म्हणाला, "आवाज गेला की!"

"चाचांनी नीट करून दिलं," मी म्हणालो.

"भांडल्यावर दिला ना चांगला माल? असंच पाहिजे ह्या लोकान्ला!"

इथं मी बोलायला पाहिजे होतं. एक वाक्य होतं ते. रबर तेच आहे, चूक माझी होती. ओठांपर्यंत आलंही. पण सगळे माझ्याकडं कौतुकानं बघत होते, पाठीवर एक थापही पडली, आणि मी हसलो. गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी हसलो. म्हणजे चाचांनी आधी खोटा माल घातला आणि दमात घेतल्यावर खरा दिला, याला माझ्याकडून शिक्का मिळाला. पहिल्या दिवशी मला निदान खरं माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी माहीत होतं.

त्यानंतर मी गाडी रांगेत शेवटी, दुकानाकडं पाठ करून लावायला लागलो. चाचांनी पुन्हा कधी विचारलं नाही. समोर आलो तर ते "काय, बरं हाय ना?" म्हणायचे आणि मी "व्हय" म्हणून पुढं जायचो. उद्या सांगू, एकेकट्याला गाठून सांगू, असं करत सहा-सात महिने गेले.

मग अणदूरकडचा एकजण स्टँडवर नवीन आला. त्यानं जुनी पिकअप घेतली होती आणि तिच्या दारांची रबरं माझ्या गाडीसारखीच फाटून गेली होती. रबर कुठं बसवायचं, असं त्यानं विचारलं. समोरच्या दुकानाकडं बोट करून एकजण म्हणाला, "तिथं सोडून कुठंबी जा. ह्यांनाच विचार, ह्यांच्याच गाडीला फसवलं त्यानं." आणि सगळे माझ्याकडं वळले.

मी बोललो. धीटपणानं नाही. त्या नवीन माणसानं "व्हय का?" म्हणून सरळ माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मला पुन्हा हसता आलं नाही. "फसवलं न्हाय," मी म्हणालो. "म्याच रबराला डिझेल पाजलं. चाचांचा माल चोख होता. आत्ता गाडीला हाय ते पहिलंच रबर हाय."

सगळे फिदीफिदी हसले. "म्हणजे तू स्वतःच!" "आन् त्या म्हातार्‍याला झापलास!" एकानं डिझेलच्या कॅनकडं बोट दाखवून मला प्यायचा आग्रह केला. चहा संपेपर्यंत हसणं चाललं. चहा संपला, कप ठेवले, आणि बोलणं सोयाबीनच्या आवकेवर गेलं. संपलं. ज्याला मी इतके महिने भीत होतो ते एका चहापुरतं होतं. तेवढं वाचवायला मी एका म्हातार्‍या माणसाला रोज, त्याच्याच दारात, चोर म्हणू दिलं होतं.

नवीन माणूस विचारायला रस्त्यापलीकडं गेला आणि लगेच परत आला. "रबराचं काम बंद केलंय म्हणत्यात," त्यानं सांगितलं. "फक्त सीटा शिवतो म्हणाले."

मी रस्ता ओलांडला. चाचा मशीनवर होते. त्यांनी पाय थांबवला.

"सांगितलंस," ते म्हणाले. "ऐकलं म्या. बरं केलंस."

"मग त्याचं रबर बसवून द्या की चाचा. आता सगळ्यांना कळलंय. सगळे येतील."

"येतील." त्यांनी सुईतून निसटलेला दोरा पुन्हा ओवायचा प्रयत्न केला, तो दोनदा चुकला. "पण आता हात जात न्हाय, बेटा. कुणाच्या दाराला रबर दाबायला घेतलं की वाटतं, हाबी उद्या येऊन रस्त्यात ओरडंल. सीटचं बरं हाय. सीट आवाज करत न्हाय."

मागं एकजण सीटचं कव्हर घेऊन येऊन उभा राहिला होता, म्हणून मी बाजूला सरकून त्याला वाट दिली.