रात्रपाळीवरून थेट कमांडो चॅलेंज

फौजेत बावीस वर्षं काढली, त्यातली सहा पीटी इन्स्ट्रक्टर म्हणून. हवालदार म्हणून निवृत्त झालो. सध्याची पोस्टिंग पिंपळे सौदागर, एका सोसायटीच्या तळघरातली जिम. भिंतीवर कॅमोफ्लाजचं जाळं आहे. कुणापासून लपायचं, ते मालकाने सांगितलेलं नाही.

शनिवारी ०७०० ला 'कमांडो चॅलेंज' होतं. दहा पुल-अप, दहा वेळा बारबेल डोक्यावर, पुन्हा पहिल्यापासून. वीस मिनिटं. जो मध्येच थांबेल त्याने सगळ्यांसमोर वीस उठाबशा काढायच्या, अशी इथली रीत. मोबाइल तयार असतात.

निघोज्याचा गणेश ०६५० ला कंपनीच्या बसमधून उतरून थेट आला. चाकणला बारा तासांची नाइट करून. तीन महिन्यांपूर्वी त्याचा उजवा खांदा निखळला होता. लाइनवर तो लोखंडाची जड कास्टिंग उचलतो, तेही कॉन्ट्रॅक्टवर. खांदा गेला की काम गेलं.

"झोपलास कधी?"

"बसमध्ये, उस्ताद. मोशीपर्यंत."

"आज नुसता बघ."

"टीम हाय माझी. न्हाई म्हणलो तर हसतील."

मी जाऊ दिलं. चूक माझी.

०७१२ ला तो पुल-अपला झटके देऊन वर जाऊ लागला. उजवा हात डाव्याच्या मागे पडत होता. तो खाली उतरून बारबेलकडे वाकला. मी बारवर पाय ठेवला.

"बस."

"जमतंय, उस्ताद!"

मालक राहुलशेठ माइकवर होते. "सर, सोडा की राव! वाघ आहे गडी!"

"वाघाला सोमवारी शिफ्ट आहे."

"मग उठाबशा कोण काढणार?"

"मी. मोजा."

वीस काढल्या. व्हिडिओ फिरतोय. गुडघ्यांचा आवाज स्पष्ट येतो.

सोमवारी गणेश कामावर गेला. माझ्याशी बोलत नाही. शेठ म्हणाले, पुन्हा मध्ये पडलात तर दुसरा ट्रेनर बघतो. मी म्हटलं, बघा. तोवर रात्रपाळीवरून थेट आलेला माणूस इथे बारला हात लावणार नाही. घरी जाऊन झोपेल.

फौजेत मी इन्स्ट्रक्टर असताना लान्स नायक बाळू तनपुरे असाच रात्रभर गार्ड ड्यूटीवर होता. सकाळी पाच किलोमीटरची टेस्ट. चौथ्या किलोमीटरला त्याची पावलं वाकडी पडू लागली. मी ओरडलो, "थांबू नकोस!" तो थांबला नाही. रेषा ओलांडून पडला. वय चोवीस. स्मारकावर त्याचं नाव नाही, कारण तो लढाईत गेला नाही. माझ्या हाताखाली गेला.