जुना वारा लावून बसलेला दिनकर

दिनकर गेल्याची बातमी मला पाच हॉर्सपॉवरच्या एका मोटारीच्या सौद्यात कळली. आर्वीत माझं जुन्या मोटारी, पंप आणि स्टार्टरचं दुकान आहे. गिऱ्हाईक बोरगाव मेघ्याकडचं होतं. भाव उतरत नाही म्हणून तो ओळखी काढू लागला, आणि बोलता बोलता म्हणाला, "आमच्या इकडचे दिनकरभाऊ तुमचेच दोस्त ना? कापसाचे ग्रेडर? सोमवारी गेले ते." मी "हो का" म्हटलं. मग म्हटलं, वाइंडिंग नवीन आहे, याच्या खाली परवडत नाही. त्याने घेतली मोटार. त्याचा मिनीडोर टेम्पो दिसेनासा झाला तेव्हा मी खुर्चीवर बसलो. आज महिना उलटून गेल्यावर खरं लिहायचं तर पहिला विचार दुःखाचा नव्हता. चार दिवस झाले आणि मला कोणी कळवलंही नाही, हा होता.

आमची ओळख नव्वदच्या दशकातली, आणि तीही भांडणानेच झालेली. सायकलवर भंगार गोळा करण्यापासून मी सुरुवात केली, मग गावोगावचा कापूस घेऊन जिनिंगला घालू लागलो. तिथे दिनकर ग्रेडर होता. गाडीच्या वरचा, मधला आणि तळाचा असा तीन ठिकाणचा कापूस तो काढायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, आणि सुटलेला धागा आपल्या गडद निळ्या पँटीवर मांडीपाशी ठेवून पाहायचा. पँटीवरचा धागा पाहून तो जे बोलायचा तो शेवटचा शब्द. माझ्या पहिल्याच गाडीला त्याने खालची ग्रेड सांगितली. मी यार्ड डोक्यावर घेतलं. तो शांतपणे मांडीवरचे तंतू झटकत म्हणाला, "शेठ, तुमचा आवाज चढला म्हनून धागा लांब नाई होत." हमाल हसले. तेव्हा मी शेठ नव्हतो, उसनी बैलगाडी घेऊन आलो होतो, त्यामुळे ते जास्तच लागलं. पुढच्या आठवड्यात त्याच गावचा माल घेऊन गेलो, पण यावेळी गोड बोलत, त्याच्यासाठी संत्री घेऊन. त्याने संत्रं सोललं, अर्धं मला दिलं, धागा पाहिला आणि तीच ग्रेड सांगितली. त्या दिवशी मला तो आवडला. भावात घासाघीस करून जगणाऱ्या माणसाला असा एखादा माणूस लागतो, ज्याच्याशी घासाघीस होऊच शकत नाही.

पुढे दहा-बारा वर्षं आमचा रोजचा चहा एकत्र होता. मी कापूस सोडला, मोटारींत आलो, दुकान टाकलं. मग त्याला वर्ध्याकडच्या जिनिंगमध्ये काम मिळालं आणि त्याने बोरगाव मेघ्याला दोन खोल्यांचं घर घेतलं. एसटीने दीड-दोन तासांचं अंतर, पण दुकान सोडून जाणार कधी? भेटी कमी झाल्या. अशात एक दिवस त्याचा फोन आला की, मी गोल्फ खेळतो. मला वाटलं, याचं डोकं फिरलं. त्याची मुलगी मनीषा कॉम्प्युटरचा कोर्स करत होती, घरात नेट आलं होतं, आणि तिने त्याला तो खेळ दाखवला होता. तो म्हणाला, तूही घे, दोघं आपापल्या घरून खेळू. गोल्फचं मैदान आम्ही दोघांनीही जन्मात पाहिलेलं नव्हतं. नागपूरला असल्याचं ऐकून होतो, एवढंच. मी एक जुना कॉम्प्युटर भाव पाडून घेतला, टेलिफोनच्या लाइनीवर नेट घेतलं, आणि स्टार्टरच्या खोक्यांमागे टेबल मांडलं.

खेळ कळायला सोपा होता: कमीत कमी फटक्यांत चेंडू एकेका भोकात घालायचा. पडद्याच्या खाली एक पट्टी, तिच्यावर काटा धावतो. एकदा बटण दाबलं की काटा निघतो, दुसऱ्यांदा दाबलं की फटक्याचा जोर ठरतो, तिसऱ्यांदा दाबलं की दिशा. कोपऱ्यात वाऱ्याचा बाण. एकाने नेटवर डाव मांडायचा, त्याला खोली उघडणं म्हणत; त्या खोलीत दुसऱ्याने जायचं आणि खेळायचं. खेळापेक्षा वेळ जुळवणं अवघड. ते भारनियमनाचे दिवस होते. आर्वीची वीज एका वेळी जायची, बोरगावची दुसऱ्या वेळी. पेपरात आलेली दोन्हीकडची वेळापत्रकं दिनकर कापून ठेवायचा आणि दोन्ही ठिकाणी एकदम वीज असेल असे तास शोधायचा. रविवारी दुपारी बहुधा दोन तास मिळायचे. शोभावहिनी, त्याची बायको, म्हणायची की पत्रिका जुळवताना एवढे कष्ट घेतले असते तर मला बरा नवरा मिळाला असता.

मी त्या खेळात चांगला होतो. हे लिहायला मला संकोच नाही. एकदा हात बसला की कोणत्या भोकाला कुठे दाबायचं हे पाठ झालं, आणि तिथे दाबलं की चेंडू तिथेच जायचा. मला हेच आवडायचं. आयुष्यात पहिल्यांदा असं काही भेटलं होतं की नीट केलं तर नीटच होतं. अर्धं पीक पावसावर आणि अर्धा धंदा दुसऱ्याच्या मर्जीवर, अशा मुलखात राहणाऱ्याला हे केवढं वाटतं ते सांगता येत नाही. आणि मग कंपनीने खेळ बदलला. नव्या खेळात वारा मधेच झुळूक देई, गवतात चेंडू किती बुडाला यावर जोर कमी होई, आणि काटा अगदी बरोबर थांबवला तरी चेंडू हातभर इकडे-तिकडे पडे. का, तर खऱ्या मैदानावर असंच होतं म्हणे. जुना प्रकारही ठेवला होता. कोणता लावायचा ते खोली उघडणाऱ्याने ठरवायचं. आम्ही त्यांना जुना वारा आणि नवा वारा म्हणू लागलो. मला नव्याचा संताप आला. दिनकरला तो फार आवडला.

त्यावर आम्ही किती भांडलो असू! जगभरचे खेळणारे तिथे इंग्रजीत भांडत होते, आम्ही मोबाइलवर वऱ्हाडीत. माझं म्हणणं एकच होतं: मी बरोबर दाबलं तर बरोबरच झालं पाहिजे, नाहीतर शिकायचं कशाला? तो म्हणायचा, खरं गोल्फ असंच असन. मी विचारलं, "तू खरं गोल्फ पाह्यलं का कधी?" "नाई पाह्यलं. खरा कापूस पाह्यला ना. एका झाडाची दोन बोंडं सारखी नसते." मला वाटलं, आता सापडला. म्हटलं, मग तू जन्मभर सगळ्यांले एकच माप काऊन लावून राह्यला? तो म्हणाला, "माल सारखा नसते मुरली. म्हनूनच मापणाऱ्यानं सारखं राहा लागते." मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सौदा केला: एक रविवार जुना वारा, एक रविवार नवा. आणखी एक अट मी घालून घेतली. फटका मारताना लाइन अडकली, काटा जागेवर थिजला, तर तो फटका पुन्हा घ्यायचा. हे मान्य करायला त्याने जराही वेळ लावला नाही.

वर्षभराचे डाव मोजले तर आम्ही बरोबरीत होतो. वर्षाचा शेवटचा रविवार माझ्या वाट्याचा, म्हणजे जुन्या वाऱ्याचा. शेवटच्या भोकाआधी तळं होतं. मला ते पार करायचं होतं आणि हे मी पूर्वी केलेलं होतं. मी दाबलं, काटा निघाला, आणि माझ्या डोळ्यांदेखत मधेच अडकला. सुटला तोवर चेंडू पाण्यात. मी लगेच मोबाइल लावला, फटका पुन्हा घेतो म्हणालो. तो म्हणाला, नाही. त्याच्या पडद्यावर काटा कुठेही थांबला नव्हता. "तू घाई केली मुरली. जिंकत आला का तू घाई करतं. मोटार विकतानाही करतं." मी म्हटलं, मी हरलो तर तुला हवंच आहे, तू खोटं बोलून राह्यला. तिथे थांबलो असतो तर निभावलं असतं. पण डोकं तापलं की माझी जीभ माझी राहत नाही. मी म्हणालो, "आता कळलं तू जन्मभर ग्रेडी कशा देल्ल्या ते."

ज्या माणसाने संत्र्याच्या बदल्यात कधी काही दिलं नाही, त्याला मी हे म्हणालो. त्याने फोन ठेवला. मी खेळ कॉम्प्युटरवरून काढून टाकला, आणि काटा अडकला होता, हे दोन वर्षं स्वतःला सांगत राहिलो. भेटेल त्याला सांगितलं. दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगितलं, ज्यांना गोल्फ म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. मधे एकदा, गेल्या उन्हाळ्यात, त्याचा नंबर मोबाइलवर दिसला. समोर गिऱ्हाईक होतं. नसतं तरी मी उचलला नसता. आधी त्याने माझा फटका मान्य करावा, मग बोलू, असं मी ठरवून ठेवलेलं होतं. फोन वाजून बंद झाला. पुन्हा आला नाही. तेव्हा तो सेवाग्रामच्या दवाखान्यातून तपासण्या करून नुकताच घरी आला होता, हे मला आता कळलं.

तेरवीला गेलो. जेवणं झाली, माणसं पांगली. शोभावहिनीने मला पाणी दिलं आणि ती ताटं आवरायला गेली. मी मनीषाला म्हटलं, बाबांचा कॉम्प्युटर कुठे आहे. तिने मला आतल्या खोलीत नेलं. खिडकीपाशी टेबल, खाली पाय ठेवायला एक वीट, भिंतीवर भारनियमनाचं कात्रण. दोन कात्रणं होती. एक बोरगावचं. दुसरं आर्वीचं, या महिन्याचं. मी मनीषाकडे पाहिलं. ती म्हणाली, "बाबा दर रविवारी खोली उघडून बसत ना काका. तुमच्याकडची लाइट असेल तेव्हा. जुना वारा लावून." मी विचारलं, दर रविवारी जुना? "दर रविवारी. मी म्हटलं, बाबा, तुम्हांला तर नवा आवडते. तर म्हणत, तो आला तर जुन्यासाठीच येईन."

मग मी तिला म्हटलं, मला ते शेवटचं भोक काढून दे, त्या तळ्यापासून. तिने दिलं. लाइन स्वच्छ होती, काटा तेलावर चालल्यासारखा चालत होता. मी पहिला फटका मारला, पाण्यात. दुसरा मारला, पाण्यात. मनीषा मागे उभी होती. तिसऱ्या वेळी मी श्वास रोखला, सगळं लक्ष काट्यावर ठेवलं, आणि माझं बोट क्षणभर आधीच खाली गेलं. ते मी स्वतः पाहिलं. चेंडू तिसऱ्यांदा त्याच जागी बुडाला, तीच गोल लाट उठली. जुन्या वाऱ्याचा हाच गुण मला आवडायचा: तो कुणाची बाजू घेत नाही. दोन वर्षांपूर्वी काटा अडकला होता की नव्हता, हे मला आता सांगता येत नाही. माझ्या बोटाने मात्र तेच केलं होतं जे तो म्हणाला होता.

मी तिला विचारलं, फोनवर काय सांगायचं होतं त्यांना? आजाराचं? तिला माहीत नव्हतं. एवढंच म्हणाली की शोभावहिनी त्यांना रागवायची, स्वतःहून आर्वीला का जात नाही म्हणून, तर ते म्हणायचे, "येईन तो. आला का पयले भांडन, मंग खेळाले बसन." ती हे हसत सांगत होती. मला अजून त्याचा राग आहे. आजारी आहे एवढं त्याने कुणाकरवी कळवलं असतं तर मी त्याच दुपारची एसटी धरली असती. असं मी म्हणतो. पण वाजणारा फोन मी पाहिला होता, आणि हे खोटं मी कुणाला खपवणार?

त्या घरात तो कॉम्प्युटर कोणी बंद केलेला नाही. शोभावहिनीला खेळातलं काही कळत नाही, पण वीज जाऊन परत आली की ती मनीषाला सांगते, बाबाची खोली उघडून ठेव. मी आर्वीला येऊन दुकानात खेळ पुन्हा बसवून घेतला. पहिल्या रविवारी उघड्या खोल्यांच्या यादीत त्याचं नाव पाहिलं: वारा जुना, एक जागा रिकामी. माझ्याने आत जाववलं नाही. पुढच्या रविवारी गेलो. हिरवं मैदान उघडलं, कोपऱ्यात न हलणारा बाण, दोन नावं एकाखाली एक. त्या खेळात खोली उघडणाऱ्याचा फटका पहिला असतो. त्याने मारल्याशिवाय दुसऱ्याची पाळी येत नाही, आणि दिनकरने वेळेचं बंधन ठेवलेलं नाही. दोन्हीकडे वीज असते तोवर मी बसून राहतो. गिऱ्हाईक आलं तर थांबायला सांगतो. घाई करत नाही.